काशीबाईंचा शिशाचा चेहरा

१९८३ साली मी तेवीस वर्षांची होते आणि बोईसरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते. उमरोळीहून सकाळची शटल पकडायची, एक स्टेशन जायचं आणि मग दहा मिनिटं चालायचं. पुढच्या खोलीत छातीचे आणि हाडांचे फोटो निघत. मागे, औषधांच्या कोठीला लागून, आणखी एक खोली होती. तिच्यातलं मशीन फोटो काढत नसे. कातडीवरच्या कॅन्सरला त्यातून शेक द्यायचा. मुंबईतल्या एका हॉस्पिटलाने नवं मशीन घेतलं तेव्हा हे जुनं आमच्या ट्रस्टला देऊन टाकलं होतं. त्याचे किरण फार खोल जात नसत, कातडीत थोडेसे शिरून संपत, आणि तेच त्याचं मोल होतं.

ते मशीन मला डॉ. तेलंगांनी शिकवलं. मुंबईतली प्रॅक्टिस सोडून ते साठीच्या सुमाराला इकडे आले होते. बोलणं कमी, पान खायची सवय, आणि पेशंटसमोर कधी घाई नाही. ते म्हणायचे, "पुष्पलता, बटण कोणीही दाबेल. शेक कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही, हे ठरवणं म्हणजे आपलं काम." मी मान डोलवायची. मला वाटायचं, कुठे द्यायचा ते तर दिसतंच की.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात काशीबाई तामोरे आल्या. वय पंचावन्नच्या आसपास, चिंचणीच्या. सकाळच्या बसने सुकी मासळी घेऊन बोईसरला यायच्या आणि सालवडच्या नाक्यावर बसायच्या. कारखान्यातले लोक त्यांचं गिऱ्हाईक. आल्या तेव्हा पदर नाकावरून ओढून दातात धरलेला होता. सोबत त्यांचे यजमान पुंडलिक. उंच, वाकलेले, बोलण्याचं सगळं काम बायकोवर सोपवलेले.

पदर काढला तेव्हा दिसलं. नाकाच्या डाव्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या जरा खाली, चवलीच्या नाण्याएवढी जखम. मधे खड्डा, कडेला काळपट चकाकणारे मणी. चार वर्षांपूर्वी तिथे तीळ उठला असं त्यांना वाटलं होतं. मग तो फुटला, खपली धरली, खपली पडली, पुन्हा फुटला. झाडपाला झाला, अंगारा झाला, तीन डॉक्टरांची मलमं झाली. दुखत नव्हतं म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण या पावसाळ्यानंतर गिऱ्हाइकं तुटायला लागली. बोंबील, सुकट सगळं तेच, पण विकणारीच्या नाकावर माशी बसते हे बघून माणसं पुढच्या टोपलीकडे जात. एक दिवस एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने हिंदीत विचारलं की मौसी, हे लागण्यातलं तर नाही ना? त्या दिवशी काशीबाई भरलेली टोपली घेऊन घरी गेल्या, त्या पुन्हा नाक्यावर बसल्या नाहीत.

मुंबईला एका ठिकाणी दाखवून आल्या होत्या. तिथे सांगितलं की कापावं लागेल, नाकाची बाजू जाईल, मांडीची कातडी लावू. काशीबाई तिथून उठून आल्या.

डॉ. तेलंगांनी जखमेचा कणभर तुकडा काढून तपासणीला पाठवला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि कॅन्सर हा शब्द न लपवता सांगितला. पुंडलिकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग डॉक्टर म्हणाले, हा त्यातला सगळ्यात आळशी. अंगभर पळत नाही. उंदरासारखा जिथल्या तिथे कुरतडत बसतो. पण सोडला तर नाक खाईल, मग डोळा खाईल. आपण शेक देऊन तो मारू, नाक जागेवर राहील.

काशीबाईंनी एकच विचारलं, की हा शेक तिकडे समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रातून वायर ओढून आणलाय का. डॉक्टर हसले नाहीत. साध्या विजेवर चालतो, बटण बंद केलं की किरण बंद, अंगात काही उरत नाही, एवढं त्यांनी समजावलं. त्या म्हणाल्या, मग द्या.

आखणीचं काम डॉक्टरांनी माझ्यावर टाकलं. जांभळ्या औषधात काडी बुडवून जखमेच्या कडेने रेघ काढायची, तिच्या बाहेर पाच मिलिमीटर सोडून दुसरी रेघ. आतलं सगळं किरणांखाली, बाहेरचं सगळं शिशाखाली झाकलेलं. मी मन लावून रेघा काढल्या, पट्टीने मोजल्या, कागदावर उतरवल्या. दोन्ही वर्तुळं कशी छान आली होती. डॉक्टरांना बोलवायला उठले, तर काशीबाईंनी माझं मनगट धरलं.

"बाय, तुजी रेघ चुकलीय."

मी म्हटलं, मावशी, मी मोजून काढलीय.

"मोजलीस, पन हात नाय लावलास. ते वर गेलंय." त्यांनी तर्जनीचं टोक रेघेच्या बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याकडे ठेवलं. "हितवर हाय. माजं बोट सांगतं."

मला तिथे काहीच दिसत नव्हतं. कातडी बाकीच्या चेहऱ्यासारखीच होती. खरं सांगायचं तर मला रागही आला. शिकलेली मी, आणि मासळी विकणारी बाई मला माझं काम सांगते. डॉक्टरांना बोलावून आणताना तोंड वाकडं करून ते त्यांना सांगितलं, हेही मला आठवतं.

डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. खिडकी लावायला सांगितली, टॉर्च घेतला आणि तो समोरून न धरता गालाला टेकवून आडवा धरला. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणली. आडव्या उजेडात एक बारीक, मेणासारखी चकाकणारी कड दिसायला लागली. माझ्या रेघेच्या बाहेर, काशीबाईंनी बोट ठेवलं होतं बरोबर तिथपर्यंत.

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, बोंबील वरून वाळलेला दिसतो आणि आत ओला असतो. डोळ्याने बघून विकला तर गिऱ्हाईक शिव्या देतं. तो दाबून बघायचा. चाळीस वर्षं तेच केलं, आता बोटालाच कळतं.

मी स्पिरिटने माझी रेघ पुसली. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी माझं बोट धरून त्या कडेवर ठेवलं आणि म्हणाले, "लक्षात ठेव, कसं लागतंय ते." कातडीच्या आत जाड दोरा असावा तसं लागत होतं. पुढे अकरा वर्षं मी प्रत्येक आखणी आधी बोटाने केली, मग काडीने.

नवी रेघ मात्र डोळ्याच्या कोपऱ्याला जाऊन भिडली, आणि काम अवघड झालं. मशीनच्या तोंडाला लावायच्या नेहमीच्या गोल नळकांड्याने भागणार नव्हतं. चेहऱ्याचे सगळे चढउतार धरून बसेल असा शिशाचा मुखवटा लागणार होता. त्यासाठी हंसाबेन आल्या. या मुंबईच्या भौतिकशास्त्रज्ञ, दर पंधरा दिवसांनी गुरुवारी येऊन मशीनचं मोजमाप करायच्या. बारीक काठाची सुती साडी, हातात चामड्याची बॅग, आणि गुजराती वळणाचं मराठी. किरण किती खोल न्यायचे, त्यासाठी ॲल्युमिनियमची कोणती चकती लावायची, रोज किती मिनिटं, हा हिशोब त्या वहीत मांडायच्या आणि दोनदा करायच्या. काशीबाईंसाठी दहा शेक ठरले.

आधी चेहऱ्याचा साचा घ्यायचा होता. प्लास्टर ओतण्यापूर्वी नाकातली मोरणी काढायला सांगितली, तेव्हा काशीबाई पहिल्यांदा अडल्या. लग्नात घातलेली, तेव्हापासून नाकातच. मळसूत्र फिरेना. शेवटी पुंडलिकांनी पुढे होऊन ती काढली आणि रुमालाच्या टोकात बांधली. मग काशीबाईंच्या नाकात दोन नळ्या बसवून, चेहऱ्याला तेल चोळून, आम्ही ओलं प्लास्टर लावलं. पंधरा मिनिटं त्या हलल्या नाहीत. फक्त पायाचा अंगठा वर-खाली होत होता. पुंडलिक भिंतीला टेकून त्या अंगठ्याकडेच बघत होते.

साच्यातून पांढराशुभ्र चेहरा निघाला. मिटलेले डोळे, ओठांच्या कडेच्या सुरकुत्या, नाकावरचा खड्डा, सगळं जसंच्या तसं. त्यावर शिशाचा पत्रा लाकडी हातोडीने ठोकून बसवायचा, हे माझं काम. दोन दिवस मी ठोकत होते. मुखवटा झाला, नव्या रेघेपुरतं भोक कापलं, मी खूश झाले. पण हंसाबेनांचा नियम होता की मुखवट्याच्या आत फिल्म लावून किरण सोडून बघायचे. हे आम्ही शुक्रवारी करायचो, कारण शुक्रवारी कारखान्यांची सुट्टी असे आणि त्याच दिवशी आमच्या विजेचा काटा स्थिर राहायचा. बाकीच्या दिवशी तो होडीसारखा डुलायचा. फिल्म धुतली तर भोक होतं तिथे काळी, हे बरोबर. पण नाकाच्या उंचवट्यावर आणि डोळ्याच्या कोपऱ्याशीही राखाडी डाग. ठोकून ठोकून शिसं तिथे पातळ झालं होतं. तो मुखवटा घातला असता तर किरण थेट डोळ्याकडे झिरपले असते.

पत्र्याचा आता एकच तुकडा उरला होता. नवा मुंबईहून यायला महिना लागला असता.

मी पायरीवर बसून होते. पुंडलिक तिथेच बिडी ओढत होते. काय झालं, त्यांनी विचारलं. मी फसलेला मुखवटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, अंगठ्याने नाकापाशी चाचपला.

"शिसं ठोकू नये," ते म्हणाले. "ठोकलं की पळतं. ते दाबत न्यावं लागतं, जरा जरा."

तेव्हा मला कळलं की हा माणूस आयुष्यभर शिसं हाताळत आलाय. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या पट्ट्या वळवून बसवायच्या, म्हणजे जाळं पाण्यात उभं राहतं. हे काम त्यांच्या मच्छीमार वाड्यात सगळे त्यांच्याकडूनच करून घेत.

डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. टेबलावर तो पांढरा चेहरा ठेवला होता. तो बघून ते दारातच थबकले. मी सवयीने हातोडी पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि परत टेबलावर ठेवली.

"हिच्या तोंडावर मला हे उगारता नाय येणार," ते म्हणाले.

मग त्यांनी घरून आपली हत्यारं आणली. शिसवी लाकडाचा गुळगुळीत ठोकळा आणि शिंगाची घासून गोल केलेली एक पट्टी, एवढंच. पत्रा उन्हात कोमट केला. कपाळापासून सुरुवात करून दोन्ही अंगठ्यांनी तो चेहऱ्यावर उतरवत नेला, जिथे चुणी पडेल तिथे मागे येऊन पुन्हा. नाकाशी आले तेव्हा बाहेरून शिसं आत सरकवत आणलं, म्हणजे उंचवट्यावर ते पातळ न होता जमा झालं. एका डोळ्याच्या खोबणीला त्यांनी अख्खी दुपार लावली. मधे एकदा ओठांवर हात फिरवून ते म्हणाले की हितं हसताना एक बाजू वर जाते, ती यात नाय आली. मी म्हटलं, मावशींना हसू नका असं आम्हीच सांगितलं होतं.

पुढच्या शुक्रवारी फिल्म धुतली. भोकापुरती काळी, बाकी सगळी स्वच्छ. हंसाबेन पुढच्या गुरुवारी आल्या तेव्हा त्यांनी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ बघितली आणि विचारलं की हे कोणी केलं. सांगितल्यावर त्या पुंडलिकांसमोर गेल्या आणि त्यांना नमस्कार केला. ते इतके गोंधळले की टोपी काढून पुन्हा घातली. मुखवट्याला आतून मेण लावायचं हंसाबेनांनीच शिकवलं, कारण किरण शिशावर आदळले की शिसंही थोडं परत फेकतं. नाकपुडीत मेण लावलेली शिशाची पट्टी आणि पापणीच्या आत, डोळा बधिर करून, नखाएवढी वाटी. ती वाटी बसवताना काशीबाईंनी माझा हात इतका आवळला की बांगडी फुटली.

दहा शेक झाले. रोज चिंचणीहून बसने यायचं, टेबलावर निजायचं, काही मिनिटं हलायचं नाही. मी काचेतून बघत बसायची. पाचव्या दिवशी कातडी लाल झाली, दहाव्या दिवशी पाणी सुटलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता दोन-तीन आठवडे आणखी बिघडलेलं दिसेल, घाबरायचं नाही, खपली ओढायची नाही, तपासायला यायचं. पण ठरल्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत.

रविवारी मी मलम घेऊन चिंचणीला गेले. वाड्यात विचारत विचारत घर सापडलं. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि काशीबाई आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. नाकावर जाड काळी खपली, भोवती सूज. शेजारणी येऊन सांगून जात होत्या की बरी होतीस ती जळून आलीस. त्यांनी वळून बघितलं नाही. मी जवळ बसले, खपलीच्या कडेला बोट लावून बघितलं. तो दोरा लागत नव्हता. भोवतीची कातडी मऊ होती. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच बघा. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट उचललं, डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं, हळूच दाबलं. मग दुसऱ्यांदा. तोंड माझ्याकडे वळवलं आणि मला चहा पाहिजे का विचारलं.

मी निघाले तेव्हा पुंडलिक मला बसपर्यंत पोचवायला आले. बस लांबून दिसल्यावर एकदम म्हणाले, "बाय, खरं सांग. मी दाबलं ते नीट दाबलं ना? माज्या हातून तर नाय ना जळलं?"

तीन आठवडे हा माणूस हेच उराशी घेऊन बसला होता, आणि बायकोला विचारायची सोय नव्हती. मी त्यांना फिल्मबद्दल सांगितलं. काळा भाग तेवढाच, बाकी कोरं. डोळा वाचलाय तो तुमच्या अंगठ्यांनी वाचलाय. ही सूज शेकाची आहे आणि ती यायचीच होती, नसती आली तर आम्हाला काळजी वाटली असती. त्यांनी मान हलवली, तोंड फिरवलं आणि कंडक्टरला मोठ्याने सांगितलं की पोरीला बोईसरला नीट उतरव.

जानेवारीच्या शेवटी खपली आपोआप पडली. खाली गुलाबी, पातळ, नवी कातडी होती. ती पुढे फिकट झाली आणि नाकाच्या बाजूला एक पांढुरका ठिपका कायमचा राहिला. होळीच्या आधी काशीबाई सालवडच्या नाक्यावर परत बसल्या. पदर डोक्यावर, चेहरा उघडा. पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम हॉस्पिटलात डोकावून सांगितलं की टोपली दुपारच्या आत रिकामी झाली.

मग दर सहा महिन्यांनी, नंतर दर वर्षी त्या तपासायला येत राहिल्या. पुंडलिक १९८६ साली गेले, झोपेतच. त्या वर्षीही त्या ठरल्या तारखेला आल्या, एकट्या. पाच वर्षं पुरी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता यायची गरज नाही, तुम्ही बऱ्या झालात. त्या बरं म्हणाल्या.

नंतर तेलंग डॉक्टर निवृत्त झाले. हंसाबेनांचं येणं आधीच थांबलं होतं, मशीनचे भाग मिळेनासे झाले, आणि १९९४ मध्ये ती मागची खोली बंद करून पेशंट मुंबईला पाठवायचं ठरलं. माझी पुढच्या खोलीतली नोकरी राहिली, पण शुक्रवार आता इतर वारांसारखाच झाला. आजही कोणाच्या गालावर काही दिसलं की माझं बोट आपोआप उचललं जातं, मग मीच ते आवरते.

पण त्याच्या कितीतरी आधी, डॉक्टरांनी नको सांगितलं त्याच्या पुढच्याच नोव्हेंबरात, त्याच तारखेला काशीबाई दारात उभ्या होत्या. मी घाबरून विचारलं, काही झालंय का मावशी? त्या म्हणाल्या, काय नाय, असंच आले. बाकावर बसल्या, माझ्या नुकत्याच झालेल्या मुलीचं नाव काय ठेवलं ते विचारलं, ओली हळद नि कांदा घालून सुकट कशी करायची ते सांगितलं. आम्ही चहा घेतला. साडेचारची बस होती, तेव्हा त्या उठल्या. पुढेही, पाय चालत होते तोवर, दरवर्षी एकदा अशाच येऊन बसायच्या.